फ्रिजचा प्रश्न नंतर, आधी कार्डाची बाकी

प्रश्न : मी नाशिकला राहतो, वय ४२. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी आहे. हातात ४६,००० रुपये येतात. पत्नी अनुदानित शाळेत लिपिक असून तिला ३४,००० रुपये मिळतात. घराचा हप्ता १९,००० आहे. मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. नवरात्राच्या सेलमध्ये ३३० लिटरचा फाइव्ह स्टार फ्रिज घ्यायचा विचार आहे. छापील किंमत ४६,५०० असून सेलमध्ये तो ३४,००० ला मिळेल. जूनमध्ये ३५,५०० ला दिसला होता. आमचा २४० लिटरचा फ्रिज नऊ वर्षांचा आहे. तो चालतो, पण दाराचे रबर सैल झाल्याने कंप्रेसर सारखा सुरू राहतो. एक्स्चेंजमध्ये त्याचे ३,००० मिळतील. जुन्याच्या लेबलवर वर्षाला २९० युनिट लिहिले आहेत, नव्याच्या २००. म्हणजे वीज वाचेल आणि पर्यावरणालाही मदत होईल. जीएसटी कमी झाल्याने आता घेणे फायद्याचे, असे दुकानदारही म्हणतो. नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा की पूर्ण रक्कम कार्डावर टाकावी?

कार्डावर गेल्या दिवाळीतला टीव्ही (३८,०००), फोन (३०,०००), कपडे व किरकोळ वस्तू (२५,०००) आणि मार्चमध्ये भरलेला पॉलिसीचा दुसरा हप्ता (६०,०००) आहे. शिवाय महिन्याला तीनेक हजारांचा किराणा-पेट्रोलचा खर्च त्यावरच होतो. सध्या बाकी १,७०,००० दिसते. पण मिनिमम ड्यू (दरमहा भरायची किमान रक्कम) मी कधीही चुकवलेला नाही आणि सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) चांगला आहे. ही पॉलिसी गृहकर्जाच्या वेळी बँकेने घ्यायला लावली होती. विमा सहा लाखांचा आहे. पाचव्या वर्षी १,२०,००० परत मिळतील, तेव्हा कार्ड मोकळे होईल. पत्नीची तिच्या पतसंस्थेत १,१०,००० ची ठेव आहे, ७.५ टक्के व्याज मिळते. ती मुलीच्या अकरावीसाठी असल्याने मोडायची नाही. कार्डाचा नेमका आकडा पत्नीला सांगितलेला नाही, उगाच काळजी करेल. जुना टीव्ही आणि दोन जुने फोन माळ्यावर पडून आहेत.

उत्तर : फ्रिज या सेलमध्ये घेऊ नका, हप्त्यांवरही नको आणि एकरकमीही नको. दाराचे रबर बदलून घ्या आणि आहे तो फ्रिज वापरत राहा. याची कारणे पुढे सविस्तर देतो, परंतु तुम्ही विचारलेला प्रश्न पत्रातील सर्वांत लहान प्रश्न आहे. ‘मिनिमम ड्यू मी कधीही चुकवलेला नाही’ हे वाक्य तुम्ही समाधानाने लिहिले आहे आणि तेच तुमच्या घराला सर्वांत महागात पडत आहे.

हिशेब पाहू. कार्डाचा व्याजदर विवरणपत्रात बारीक अक्षरांत दिलेला असतो. बहुतेक बँकांचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो, मी ३.६ धरतो. १,७०,००० वर एका महिन्याचे व्याज सुमारे ६,१०० रुपये झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ११०० रुपये. म्हणजे महिन्याला ७,२०० रुपये केवळ बाकी जिवंत ठेवण्यासाठी जातात. तुमचा मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्के, म्हणजे सुमारे ८,५०० असणार. त्यातून मुद्दल फिटते ते १,३०० रुपये, आणि त्याच महिन्यात तुम्ही त्याच कार्डावर ३,००० रुपयांचा नवा खर्च करता. नियमितपणे पैसे भरूनही तुमची बाकी दरमहा दीड-दोन हजारांनी वाढते आहे.

त्यातही एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पूर्ण बिल न भरल्यास कार्डाची बिनव्याजी मुदत संपते, आणि ती केवळ जुन्या बाकीपुरती संपत नाही. आज तुम्ही कार्डावर पेट्रोल भरले, तर त्यावर आजपासूनच व्याज सुरू होते. ४५-५० दिवस बिनव्याजी वापरायला मिळतात, या समजुतीवर तुम्ही किराणा कार्डावर टाकत असाल, तर गेल्या दिवाळीपासून ती सोय तुम्हाला नाही.

दिवाळीपासून आतापर्यंतचा ढोबळ हिशेब असा निघतो : तुम्ही बँकेत सुमारे ७०,००० रुपये भरले असतील आणि त्यातील ५५ ते ६० हजार व्याजात व करात गेले असतील. सेलमध्ये टीव्हीवर, फोनवर आणि कपड्यांवर मिळून तुम्हाला जी सूट मिळाली, ती फार तर वीस-बावीस हजारांची असेल, तीही छापील किमतीवरून मोजली तर. ती सूट केव्हाच संपली असून तिच्या दुपटीहून अधिक रक्कम तुम्ही वर भरली आहे, आणि टीव्ही अजून फिटलेला नाही. पुढचे वर्ष असेच गेले, तर ८५,००० हून अधिक व्याज जाईल. जो फ्रिज तुम्हाला घ्यायचा आहे, तसे अडीच फ्रिज त्यात येतात.

सिबिलबद्दलचे समाधानही बाजूला ठेवा. किमान रक्कम वेळेवर भरली की तुम्ही थकबाकीदार ठरत नाही, एवढेच त्यातून दिसते. तुम्ही कर्ज देण्यास योग्य आहात की नाही, हे बँकेला कळावे यासाठी तो आकडा आहे. तुमचे घर सुस्थितीत आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते आणि चक्रवाढ व्याज पडते, हा इशारा प्रत्येक विवरणपत्रावर द्यावा लागतो. तुमच्याही विवरणपत्रावर तो आहे, तो आज वाचा. कुणी तरी या दरावर मर्यादा घालेल, अशी आशाही बाळगू नका : राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारप्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला.

आता पॉलिसी. गृहकर्ज हवे असेल तर ही पॉलिसी घ्यावी लागेल, असे सांगून विकलेली पॉलिसी ही चुकीच्या विक्रीची सर्वांत जुनी आणि सर्वांत निलाजरी रीत आहे, आणि ती अजूनही बिनदिक्कत चालते याचा मला मनस्वी राग येतो. कर्ज मंजूर होण्यासाठी मनीबॅक (ठरावीक वर्षांनी काही रक्कम परत देणारी) पॉलिसी घेण्याची कोणतीही सक्ती नसते. अशा पॉलिसीत हाती पडणारा परतावा वर्षाला पाच-साडेपाच टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातो. आणि तुम्ही तिचा ६०,००० चा हप्ता वर्षाला ४३ टक्के व्याजाच्या कार्डावर भरला आहे. त्या एका हप्त्यावर दरमहा अडीच हजार रुपये व्याज व कर लागतो. म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत तो ६०,००० चा हप्ता तुम्हाला सुमारे ९०,००० ला पडलेला असेल.

पाचव्या वर्षी मिळणाऱ्या १,२०,००० रुपयांवर तुम्ही सगळी भिस्त ठेवली आहे. तिथपर्यंत जायला अजून साधारण तीन वर्षे आणि तीन हप्ते, म्हणजे १,८०,००० रुपये लागतील. त्या तीन वर्षांत कार्डाची बाकी आहे तेवढीच राहिली असे धरले, तरी दरमहा ७,२०० प्रमाणे २,६०,००० रुपये व्याज जाते. एकूण ४,४०,००० रुपये घालून तुम्ही १,२०,००० ची वाट पाहणार, आणि ते मिळाल्यावरही कार्डाची पूर्ण बाकी त्यातून फिटणार नाही. ते पैसे कुणी बक्षीस म्हणून देणार नाही. ते तुमच्याच हप्त्यांतून परत येणारे पैसे आहेत.

शिवाय सहा लाखांचा विमा म्हणजे तुमच्या पगाराचे जेमतेम एक वर्ष. घरावर कर्ज आहे, दोन मुले शिकत आहेत. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर या पॉलिसीने तुमच्या पत्नीला काय आधार मिळणार? तंबाखू न खाणाऱ्या ४२ वर्षांच्या माणसाला साठीपर्यंतचे ७५ लाखांचे मुदत विम्याचे (टर्म इन्शुरन्स) संरक्षण वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. आधी हा मुदत विमा घ्या, तो सुरू झाल्याचे कागद हातात येऊ द्या आणि मगच जुनी पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीपूर्वी बंद करून मिळतील ते पैसे परत घ्या. दोनच हप्ते भरलेले असल्याने नुकसान होणार, हे उघड आहे. अशा पॉलिसीत हमी सरेंडर मूल्य साधारणपणे भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के असते, म्हणजे तुमच्या बाबतीत ३६,०००. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांखालची असेल, तर विशेष सरेंडर मूल्य याहून चांगले मिळू शकते. विमा कंपनीकडून तो आकडा लेखी मागा. ८४,००० बुडाले असे तुम्हाला वाटेल आणि ते वाटणे योग्यच आहे, परंतु ते वाचवण्यासाठी आणखी १,८०,००० घालणे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

आता पतसंस्थेतील ठेव. ७.५ टक्क्यांनी १,१०,००० रुपयांवर महिन्याला सुमारे ७०० रुपये मिळतात. तेवढ्याच रकमेवर कार्डाला महिन्याला सुमारे ४,७०० जातात. ‘मोडायची नाही’ म्हणून सांभाळलेली ही ठेव सांभाळण्याची किंमत महिन्याला ४,००० रुपये आहे. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात एखादा टक्का कमी मिळेल, म्हणजे हजारेक रुपये जातील. कार्डाचे चार-पाच दिवसांचे व्याज तेवढे होते.

मात्र ही ठेव तुमच्या पत्नीची आहे आणि तिच्याबाबतचा निर्णय त्यांचाच आहे. म्हणून सर्वांत आधी कार्डाचे विवरणपत्र त्यांच्यापुढे ठेवा. त्यांना काळजी वाटू नये म्हणून आकडा लपवला, असे तुम्ही लिहिता. परंतु ज्या घरात ८०,००० येतात आणि त्यातील ८,५०० दरमहा कार्डाला जातात, तिथे त्याची झळ त्यांना आधीच लागत असणार. त्यांना केवळ कारण ठाऊक नसणार. वर्षानुवर्षे आलेल्या पत्रांवरून सांगतो, की पैशाच्या अडचणीपेक्षा लपवलेल्या आकड्याने घरे अधिक दुखावतात, आणि तो आकडा दर महिन्याला वाढत असेल तर सांगणे दर महिन्याला अवघड होत जाते.

त्यांची संमती मिळाली, तर वाट अशी आहे. ठेवीचे १,१०,००० कार्डात भरा. उरलेले ६०,००० त्यांच्या पतसंस्थेकडून कर्ज घ्या. कर्मचारी पतसंस्थांचा दर साधारण ११-१२ टक्के असतो. बारा महिन्यांच्या मुदतीला हप्ता ५,३०० च्या आसपास येईल आणि वर्षभराचे एकूण व्याज ३,६०० ते ४,००० होईल, म्हणजे कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजाहून कमी. आज कार्डाला जाणाऱ्या ८,५०० मधूनच हा हप्ता आणि मुदत विम्याचे महिन्याचे १,७०० भागतात, आणि तरीही १,५०० उरतात. ते १,५०० त्याच पतसंस्थेत पत्नीच्या नावे आवर्ती ठेवीत टाका. सरेंडरचे ३६,००० आले की कर्जात भरून ते लवकर संपवा. कर्ज संपल्यावर मोकळी होणारी रक्कमही आवर्ती ठेवीत जाऊ द्या. मुलीचा अकरावीचा प्रवेश अजून सुमारे वीस महिन्यांवर आहे. तोपर्यंत मोडलेली ठेव बहुतांशी भरून निघालेली असेल. कार्डावर होणारा ३,००० चा किराणा-पेट्रोलचा खर्च रोखीने कसा भागेल, हा प्रश्न तुम्ही विचाराल. फ्रिजच्या हप्त्यासाठी दरमहा ३,८०० काढायची तुमची तयारी होतीच. ते इथे लावा.

आता तुम्ही जे विचारले होते त्याकडे येतो. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेतेच. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधी दाखवते. ३४,००० वर नऊ महिन्यांचे व्याज सुमारे २,१०० होईल, त्यावर ३८० रुपये जीएसटी तुम्हाला द्यावा लागेल आणि प्रक्रिया शुल्काचे दोन-अडीचशे वेगळे. सहाशे रुपयांनी तुमचे घर बुडणार नाही, परंतु त्याला ‘विनाखर्च’ म्हणणे खोटे आहे. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वातच नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तुमच्या बाबतीत खरा धोका या सहाशे रुपयांत नाही. हप्ता मिनिमम ड्यूमध्ये मिळवला जातो. ८,५०० चे १२,३०० होतील, आणि एखाद्या महिन्यात तेवढे जमले नाहीत, तर आजवर न चुकलेली गोष्ट चुकेल. एकरकमी कार्डावर टाकल्यास तर ३४,००० वर पहिल्या दिवसापासून ४३ टक्के व्याज सुरू होईल.

दुकानदाराचे जीएसटीविषयीचे म्हणणे चुकीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घरगुती फ्रिजला २०१८ पासूनच १८ टक्के कर होता, त्यामुळे फ्रिज त्या कारणाने स्वस्त झालेला नाही. सवलतीचा हिशेबही तुमच्याच पत्रात आहे. छापील किमतीवरून १२,५०० ची सूट दिसते, पण जूनमध्ये, कोणताही सण नसताना, तोच फ्रिज ३५,५०० ला होता. सेलची खरी सूट १,५०० रुपयांची आहे. ‘फक्त दोन शिल्लक’ आणि उलटे धावणारे घड्याळ यांच्यावर तर अजिबात जाऊ नका. खोटी घाई निर्माण करणे हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतील तेरा निषिद्ध क्लृप्त्यांपैकी एक आहे, आणि तो बंद झालेला नाही. तसे काही ठळकपणे दिसले, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पर्यावरणाचा मुद्दा तुम्ही मनापासून लिहिला आहे, असे मी धरतो; म्हणून त्याचेही उत्तर हिशेबानेच द्यायला हवे. दोन लेबलांतील फरक ९० युनिटांचा आहे. युनिटला ११ रुपये धरले, तर वर्षाला १,००० रुपये वाचतील. एक्स्चेंज वजा जाता फ्रिजची किंमत ३१,०००. म्हणजे विजेतून पैसे वसूल व्हायला तीस वर्षे लागतील आणि घरातील फ्रिज सहसा बारा-पंधरा वर्षे टिकतो. सैल रबरामुळे तुमचा जुना फ्रिज लेबलपेक्षा जास्त वीज खात असणार हे खरे आहे, पण ती जास्तीची वीज नवा फ्रिज न घेताही वाचवता येते. दाराचे नवे रबर (गॅस्केट) हजार-दीड हजारांत बसते. मेकॅनिक येईल तेव्हा थर्मोस्टॅटही तपासून घ्या आणि मागच्या जाळीवरील धूळ काढून फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढा. हे केल्यावरही कंप्रेसर सतत चालत राहिला, तर मला पुन्हा लिहा. आणि तारे मोजताना एक लक्षात असू द्या की ते त्या-त्या आकाराच्या गटात दिलेले असतात. २४० लिटरमध्ये चार माणसांचे भागत असेल, तर ३३० लिटर थंड ठेवण्याला बचत म्हणता येत नाही.

कार्बनच्या दृष्टीने पाहू. आपल्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ९० युनिट वाचले, तर वर्षाला ६० किलोच्या आसपास बचत होते. नव्या फ्रिजचा पत्रा, तांबे, प्लास्टिक आणि फोम तयार करताना आणि तो तुमच्या दारापर्यंत आणताना मात्र काहीशे किलो आधीच गेलेले असतात. जुन्या फ्रिजच्या कंप्रेसरवरील पट्टी वाचा, तिच्यावर आतल्या थंडावा देणाऱ्या वायूचे नाव असते. तिच्यावर आर-१३४ए लिहिले असेल, तर त्या वायूची तापमान वाढवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट असते. त्यात १२० ग्रॅम वायू असेल आणि भंगारात कुणी नळी कापून तो सोडून दिला, तर १७० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम पाच मिनिटांत होतो. नव्या फ्रिजने जवळजवळ तीन वर्षांत वाचवलेले त्यातच जाते. आर-६००ए असेल, तर हा भाग नगण्य आहे.

एक्स्चेंजमध्ये दिलेल्या चालू फ्रिजचे काय होते, हेही विचारात घ्यायला हवे. चालता फ्रिज सहसा मोडला जात नाही. दुरुस्त होऊन सेकंडहँड बाजारात विकला जातो आणि दुसऱ्या घरात किंवा एखाद्या टपरीवर चालू राहतो. त्या घराला कमी पैशांत फ्रिज मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वीज वाचली असे मात्र त्यातून होत नाही, कारण कालपर्यंत एक फ्रिज चालत होता तिथे आता दोन चालतात. वस्तू खरोखर बिघडली आणि दुरुस्तीला महाग पडू लागली, की कमी वीज खाणारी नवी घेणे योग्यच आहे. तोवर, घरात असलेली वस्तू चांगली चालवणे हा पैशाच्या आणि पर्यावरणाच्याही बाजूने अधिक चांगला निर्णय आहे.

माळ्यावरच्या टीव्हीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. सेलमध्ये टीव्ही घेतला तेव्हा जुना बंद पडला होता का? फोन बदलला तेव्हा जुन्याची बॅटरीच कमी टिकत होती का? बॅटरी दीड-दोन हजारांत बदलून मिळते, आणि फोनच्या आयुष्यातील बहुतांश प्रदूषण तो वापरण्यात होत नाही, बनवण्यात होते. सेलची सूट खरेदीच्या क्षणी ठळक आकड्यांत दिसते. व्याज मात्र नंतर बँकेच्या विवरणपत्रात येते आणि कचरा आणखी नंतर दुसऱ्याच कुणाच्या वस्तीत जाऊन पडतो; त्यामुळे तिन्ही आकडे एका कागदावर कधी येत नाहीत. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील चौथा भागसुद्धा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद नाही. चीन आणि अमेरिकेनंतर सर्वाधिक ई-कचरा आपल्या देशात होतो. दिल्लीतील सीलमपूरसारख्या ठिकाणी तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किट बोर्ड आम्लात बुडवले जातात, आणि ते काम करणाऱ्यांच्या हातात हातमोजेही नसतात. आपण कमी केलेली प्रत्येक खरेदी त्या हातांपर्यंत जाणारा एक बोर्ड कमी करते, असे मी मानतो.

टीव्ही चालू स्थितीत असेल, तर गरज असलेल्या कुणाला तरी देऊन टाका. बंद असेल, तर भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून जवळचे संकलन केंद्र विचारा, किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेला पुनर्चक्रक शोधा. फोनमधील माहिती पुसून तेही तिथेच द्या. त्यांतील लिथियम बॅटरी साध्या कचऱ्यात दाबली गेली, तर आग लागू शकते.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात पत्नीला विवरणपत्र दाखवा आणि कार्डावरचा नवा खर्च थांबवा. कार्ड रद्द करण्याची गरज नाही, पण खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांक काढून टाका. त्यांची संमती असेल, तर ठेव आणि पतसंस्थेचे कर्ज यांची कामे एकाच दिवशी करा, कारण मधला प्रत्येक दिवस सुमारे अडीचशे रुपयांचा आहे. पूर्ण रक्कम भरल्यानंतरही पुढच्या विवरणपत्रात मधल्या दिवसांचे थोडे व्याज येईल. ते पाहून घाबरू नका, तेही पूर्ण भरा, म्हणजे बिनव्याजी मुदत पुन्हा सुरू होईल. मुदत विम्याचा अर्ज दिवाळीपूर्वी करा आणि त्यात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांबाबत काहीही लपवू नका. पॉलिसीचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे. बँक खात्यातून तो आपोआप वळता होत असेल, तर फेब्रुवारीपूर्वी ती सूचना लेखी रद्द करा. पतसंस्थेचा दर १४ टक्क्यांच्या वर निघाला किंवा सरेंडर मूल्य २५,००० पेक्षा कमी सांगितले, तर सही करण्याआधी दोन्ही कागदांतील आकडे मला कळवा.